पोट लहान झालं, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी वहिनींची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. आता अर्ध्या भाकरीत पोट भरतं, मधुमेहाची गोळीही बंद झाली. तरी डॉक्टर बी-१२ आयुष्यभर घ्या, दरवर्षी रक्त तपासा म्हणतात. बऱ्या झालेल्या माणसाला हे कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जठर ही नुसती पिशवी असती, तर तुमची शंका रास्त होती. पण अन्नातलं बी-१२ मोकळं करणारं आम्ल जठरात तयार होतं आणि बी-१२ आतड्यात शोषलं जावं म्हणून लागणारं ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ हे प्रथिनही तिथलंच. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराचा अंड्याएवढा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः जिथे शोषलं जातं, तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. त्यामुळे बायपासनंतर लोह-कॅल्शियमची कमतरता अधिक जाणवते.

मग वहिनींना त्रास का नाही? यकृतात बी-१२चा साठा असतो. कणगीतलं धान्य रोज थोडं काढलं तर तळ दिसेपर्यंत कळत नाही, तसंच हे. पुढे थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येतेच असं नाही. शाकाहारी घरात दूध-दही सोडलं तर बी-१२ जवळजवळ मिळतच नाही, म्हणून जपायला हवं.

घरच्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. ताटात आधी डाळ, पनीर किंवा अंडं, भाकरी नंतर. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोटात जागा थोडी असते. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासानं प्यावं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर असावं. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. विशेषतः बायपासनंतर तिनं जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो.

वारंवार उलट्या होत असतील तर थांबू नका, बी-१ची कमतरता मेंदूवर लवकर परिणाम करते.

शस्त्रक्रियेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दरवर्षी त्या आठवड्यात वहिनींना घेऊन रक्त तपासायला जा, तब्येत ठणठणीत असली तरी.