पाहुण्यांचं जेवण आणि आपला हिशोब



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. गटाने पंधरा पाहुण्यांचा स्वयंपाक केला, जेवायला आले नऊच. उरलेल्या भाकऱ्या आणि रस्सा घरोघरी वाटला. "नफा राहू दे, किराण्याची उधारीपण फिटली नाही," असं एक मावशी म्हणाल्या आणि सगळ्या गप्प झाल्या. म्हणून या वेळी हाच पाठ घेतेय.

उदाहरण लांबचं आहे, जपानचं. तिथे पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाच्या पारंपरिक घराला 'र्‍योकान' म्हणतात. इशिकावा प्रांतात आवाझू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण आहे. तिथलं 'होशी' र्‍योकान इ.स. 718 मध्ये सुरू झालं असं सांगतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या नऊशे वर्षं आधी! ते 46 पिढ्या एकाच घराण्याने चालवलं.

र्‍योकानचा कारभार बघणाऱ्या बाईला 'ओकामी' म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती मालकाची बायको किंवा त्या घरची लेक-सून असते. पाहुण्यांचं स्वागत, खोल्या, वाढणाऱ्या बायकांची कामं, तक्रारी, सगळं तिच्याकडे. तिच्या कामाला नाव आहे, मान आहे.

त्यांच्याकडून तीन गोष्टी घेऊ.

1. आकडा आधी. र्‍योकानचा दर बहुतेक माणशी असतो, त्यात एक रात्र आणि दोन जेवणं: रात्रीचं आणि सकाळचं. किती माणसं येणार ते आधीच कळतं. ऐनवेळी रद्द केलं तर पैसे कापतात. आपणही आदल्या दिवशी आकडा पक्का करायचा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची. यात लाज कसली?

2. जेवण ठरलेलं, हंगामाचं. पाहुणा मागेल ते नाही, घर देईल ते. छोट्या छोट्या वाट्यांत एकेक पदार्थ येतो: सूप, मासा, भाजलेलं, शिजवलेलं. शेवटी भात, सूप आणि लोणचं. इशिकावात हिवाळ्यात खेकड्याचा मान. आपल्याकडे पावसाळ्यात रानभाज्या, थंडीत हुरडा. बाजारातून पनीर आणायची गरज नाही.

3. मेहनत हिशोबात. समजा दहा ताटं आहेत. किराणा-भाजी 900 रुपये, गॅस 100. दोघींचे तीन-तीन तास, तासाला 60 प्रमाणे 360. भांडी, नासधूस यासाठी 140. एकूण 1500, म्हणजे ताटामागे 150 रुपये खर्च. 180 ला विकलं तर गटाला 300 रुपये नफा. मजुरी धरली नाही तर खर्च 114 दिसतो, मग आपण 120 ला ताट देऊन मोकळ्या होतो. वाटतं सहा रुपये सुटले, खरं तर तीस गेले.

त्या बैठकीत मी विचारलं, "तुमची मजुरी किती धरली?" मावशी हसून म्हणाल्या, "घरचंच काम, त्याची कसली मजुरी?" ताईंनो, तोटा इथून सुरू होतो. सहा जण आले नाहीत हे नंतरचं.

पुढच्या बैठकीत चर्चा करा:
- आपल्या एका ताटाचा खरा खर्च किती?
- आगाऊ रक्कम कोण मागणार, कोण लिहून ठेवणार?
- स्वयंपाक करणाऱ्या ताईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जाते का?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. भेटीला आले की मी वही बघणार आहे!