आधी टेप काढा, मग टीव्ही

प्रश्न : दिवाळीत टीव्ही बदलायचा आहे आणि घरात तीन पक्ष पडले आहेत. मुलाला प्लेस्टेशन ५ जोडायचाय, ‘फोरके’खाली तो बोलतच नाही. आईला संध्याकाळच्या मालिका. दुकानदार ‘एटके’ गळ्यात मारू पाहतोय, म्हणतो पुढची दहा वर्षं बघायला नको. नेमकं किती रिझोल्यूशन घ्यावं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुकानात परत जाण्याआधी घरातली टेप शोधा. सोफ्यावर नेहमीसारखे रेलून बसा आणि डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. दुकानात आपण टीव्हीपुढे दोन फुटांवर उभे असतो, तेही खास फोरकेत चित्रित केलेले पोपट आणि धबधबे बघत. तिथे सगळंच झकास दिसतं.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक ते एकजीव दिसतं. ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका जेमतेम ०.६ मिलिमीटरचा. सात फुटांच्या पलीकडे गेलात की तो सुटा दिसत नाही. ४३ इंचीला हीच हद्द साडेपाच फुटांवर येते. म्हणजे तुमचा सोफा नऊ फुटांवर असेल, तर तिथून फुल एचडी आणि फोरके यांतला ठिपक्यांचा फरक ओळखायची पैज तुम्ही बहुधा हराल.

पण मुलगा सोफ्यावर बसणार नाही. तो कंट्रोलर घेऊन खाली सतरंजीवर, चार फुटांवर बसणार. त्या अंतरावर फोरके सार्थकी लागतं. एटकेचा लाभ घ्यायचा, तर ५५ इंचीपुढे साडेतीन फुटांच्याही आत सरकायला हवं, आणि तेवढ्यात आई ओरडलेली असेल. शिवाय एटकेमध्ये बघायचं काय, हा प्रश्न उरतोच. एटकेचे जास्तीचे पैसे वाचवा.

आता आईंचा पक्ष, ज्याची दुकानात कुणी विचारपूस करत नाही. डिशवरचं साधं, म्हणजे एसडी चॅनेल जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. ५७६ ओळींचा हा हिशेब जुन्या दूरदर्शनच्या काळापासूनचा. फोरके पडदा ३८४० गुणिले २१६०. भागाकार करून बघा, बरोबर वीस येतो. थोडक्यात, पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांपैकी एकच स्टुडिओतून आलेला. बाकीचे एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. म्हणून नव्या कोऱ्या टीव्हीवर नायिकेचा चेहरा मेणासारखा दिसतो आणि बातम्यांच्या पट्टीतल्या वेलांट्या फुगतात. टीव्ही बिचारा निर्दोष असतो. फुल एचडी चित्राचं मात्र फोरकेवर छान जमतं, कारण तिथे एका ठिपक्याचे नेमके चार होतात, काही उरत नाही.

ओटीटीवरही ‘फोरके टीव्ही आहे म्हणजे फोरके दिसेल’ असं नसतं. नेटफ्लिक्सवर ते फक्त सर्वांत महागड्या प्लॅनमध्ये मिळतं आणि इंटरनेटचा वेगही १५ एमबीपीएस लागतो.

गेमची गोष्ट वेगळी. मालिका आपण बघतो, गेमला आपण हात लावतो. तिथे ठिपक्यांपेक्षा वेळ महत्त्वाचा. बटण दाबलं आणि फलंदाजाने बॅट उशिरा फिरवली, तर चित्र कितीही सुबक असो, उपयोग शून्य. साध्या पॅनेलवर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र; १२०च्या पॅनेलवर ८.३ मिलिसेकंदांनी. फोरके आणि १२० एकत्र हवं असेल तर एचडीएमआय २.१ लागतं, २.० वर फोरके ६० पर्यंतच पोचतं. खोक्यावर ‘मोशन रेट’ म्हणून मोठा आकडा असेल, तर त्यावर जाऊ नका. पॅनेलचा स्वतःचा रिफ्रेश रेट किती, तेच विचारा.

मुलाला एक गंमतही सांगा. पुष्कळ गेम आतून फोरकेपेक्षा कमी ठिपक्यांत चित्र काढतात आणि मग ते ताणून फोरके करतात. बऱ्याच गेममध्ये ‘क्वालिटी’ आणि ‘परफॉर्मन्स’ असे दोन पर्यायच असतात. मी डोळे मिटून दुसरा निवडतो.

तेव्हा ५५ इंची फोरके घ्या. बजेट ताणता आलं तर ते १२०च्या पॅनेलसाठी ताणा. टीव्ही घरी आला की प्लेस्टेशनच्या पोर्टवर गेम मोड लावा. पोर्टही बघून निवडा. काही टीव्हींवर चारपैकी दोनच २.१चे असतात. कडेचा स्कोअर कापला जात असेल तर पिक्चर साइजमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

आणि आईंच्या चॅनेलांचे एचडी नंबर डिशवर वेगळे असतात. ते पॅकमध्ये आहेत का बघा, ठळक अक्षरांत कागदावर लिहा आणि रिमोटच्या पाठीला चिकटपट्टीने लावून द्या.