ठोकळा

आमेर

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

हातछपाईच्या प्रदर्शनासाठी तू लिहिलेला इंग्रजी मजकूर वाचला. भाषा स्वच्छ आहे. पण दीड पानात ‘ब्लॉक’ या शब्दाचे तीन वाक्प्रचार कोंबलेस, आणि ज्या ब्लॉकने कापड छापलं जातं त्याला मिळाली जेमतेम एक ओळ. जरा रागावूनच लिहिते आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

इथे खेडी गेटजवळ एका जुन्या हवेलीत ‘अनोखी’चं हातछपाईचं संग्रहालय आहे. पडायला आलेली ही हवेली नीट उभी केल्याबद्दल 2000 साली युनेस्कोने तिची दखल घेतली, आणि 2005 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. कोरणारे नि छापणारे कारागीर तिथे काम करताना दिसतात. दिवाळीत येशील तेव्हा आधी तिथे जाऊन ठोकळा हातात घे. शिसवीचा असतो, वाटतो त्याहून जड. कोरून झाला की काही दिवस तेलात मुरवतात. त्याला आरपार बारीक भोकं ठेवलेली असतात, म्हणजे दाबताना मधली हवा निघून जाते आणि रंग साचून डाग पडत नाही. एका नक्षीला एक ठोकळा पुरत नाही. बाहेरची रेषा उमटवतो तो रेख, जमीन भरतो तो गद, आणि फुलापानांत रंग भरतो तो दत्ता. तुझ्या मजकुरात हे तिन्ही शब्द असेच राहू देत. सांगानेर-बगरूचे छीपा पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दांनी काम करतात, त्यांच्याऐवजी ‘आउटलाइन’ आणि ‘फिलर’ घालायची गरज नाही.

आता शब्दाकडे. इंग्रजीत हा शब्द डच-फ्रेंचांकडून आला, तो ओंडका या अर्थाने. ओंडका एकसंध असतो आणि आडवा पडला की वाट अडवतो. या दोन गुणांतून पुढचे बहुतेक अर्थ फुटले. तुझ्या आजोबांच्या छापखान्यातही ‘ब्लॉक’ होतेच. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने खोदलेलं चित्र लाकडावर ठोकून अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीला आणायचं, तो ब्लॉक. दिवाळी अंकाचं काम आलं की ब्लॉकवाल्याकडे खेपा घालून आजोबांच्या चपला झिजायच्या. मुंबईकर चाळ सोडून डोंबिवलीला ‘ब्लॉक’ घेत, तेव्हा त्यांना दोन खोल्या आणि घरातला संडास एवढंच म्हणायचं असे. लंडनच्या माणसाला वाटेल, अख्खी इमारतच घेतली! रविवारचा मेगाब्लॉक तर तुला मी सांगायला नको. आणि तुमच्या ऑफिसात तारीख ब्लॉक केली म्हणजे राखून ठेवली, माणूस ब्लॉक केला म्हणजे दार लावून घेतलं.

वाक्प्रचारांत मात्र जपून. पहिला, ‘न्यू किड ऑन द ब्लॉक’. यातला ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा चौकोन. आमेरच्या डोंगरउतारावरच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांना तो लागू पडत नाही. खाली जयपुरात पडेल, कारण 1727 मध्ये सवाई जयसिंहांनी शहर वसवलं तेच चौकड्या आखून.

दुसरा, छापलेल्या साड्यांसाठी लिहिलेलं ‘ऑन द ब्लॉक’. ते काढच. त्याचा अर्थ लिलावाला काढलेलं. अमेरिकेत गुलामांना ज्या ठोकळ्यावर उभं करून विकत, त्यालाही हाच शब्द होता. परदेशी पाहुणा ते वाचून काय समजेल?

आणि म्हाताऱ्या कारागिराच्या मुलाला तू ‘चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक’ म्हटलं आहेस. कोटी सुचल्याचा आनंद ओळीओळीत दिसतो. पण हे बोलण्यातलं, घरोब्याचं वाक्य आहे. बापाला ओळखणाऱ्याने कौतुकाने म्हणावं असं. परक्याने भिंतीवर लावलं की त्यात पाठ थोपटल्याचा वास येतो. शिवाय चिप म्हणजे कोरताना उडालेली ढलपी, म्हणजे कारखान्यात संध्याकाळी झाडून टाकायची वस्तू. 1781 साली धाकट्या पिटचं पार्लमेंटातलं पहिलं भाषण ऐकून एडमंड बर्क म्हणाला म्हणतात, की ही ढलपी नव्हे, हा तर मूळ ठोकळाच! बर्कला ढलपीतला कमीपणा बरोबर कळला होता. त्या मुलाबद्दल लिहायचंच तर तो रेखेचा ठोकळा किती बारीक कोरतो ते लिही.

आता घरचं. ताई फोनवर म्हणाली, ‘मला हार्ट ब्लॉक निघालाय.’ आपल्याकडे रक्तवाहिनी तुंबली तरी ‘ब्लॉक’ म्हणतात. डॉक्टर त्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतील. त्यांच्या भाषेत ‘हार्ट ब्लॉक’ म्हणजे ठोके चालवणारा विजेचा संदेश हृदयात मध्येच अडखळणं. दुखणी वेगळी, उपचार वेगळे. एकात फुगा किंवा स्टेंट घालावा लागू शकतो, दुसऱ्यात पेसमेकर. ती ऐकीव शब्दावर घाबरून बसली आहे आणि भाऊजी शेजाऱ्यांचे सल्ले गोळा करताहेत. तू रिपोर्ट हातात घे, त्यावर नेमकं काय छापलंय त्याचा फोटो मला आजच पाठव, आणि डॉक्टरांकडे तिच्याबरोबर तूच जा. प्रदर्शनाचा मजकूर आठवड्याने आला तरी चालेल.

तुझी,
मावशी