भाड्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिज-चिमणी टाकायची का? खरेदीआधी हे गणित करा



"सर, फ्लॅट भाड्याने द्यायचाय. किचनमध्ये फ्रिज, चिमणी, प्युरिफायर टाकून दिले तर भाडं वाढेल ना?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर सोपं आहे: हो, बहुतेक वेळा वाढतं. पण भाडं वाढणं आणि नफा वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

आधी एक उदाहरण

समजा, पुण्यात वाकडला तुमचा २ बीएचके आहे. किचनमध्ये फक्त ओटा आणि ट्रॉली. भाडं २४,००० रुपये. आता तुम्ही वस्तू टाकायचं ठरवलं. (आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा.)

- फ्रिज: २२,०००
- चिमणी, फिटिंगसह: १२,०००
- वॉटर प्युरिफायर: १०,०००
- मायक्रोवेव्ह: ७,०००
- गॅस शेगडी: ४,०००
- एकूण: ५५,०००

भाडं झालं २६,०००. म्हणजे महिन्याला २,००० जास्त. लोक इथेच थांबतात: "वर्षाला २४,०००, सव्वादोन वर्षांत पैसे वसूल!" थांबा, अजून चार ओळी राहिल्यात.

१. फ्लॅट बाराही महिने भरलेला नसतो. एक महिना रिकामा धरा. जादा भाडं २२,०००.
२. प्युरिफायरची सर्व्हिस आणि फिल्टर ४,०००, चिमणीची सफाई १,०००, किरकोळ दुरुस्ती २,०००. एकूण ७,००० वजा. उरले १५,०००.
३. झीज. भाडेकरूच्या वापरात वस्तू सरासरी सहा वर्षं टिकतील असं धरा. ५५,००० भागिले ६, म्हणजे वर्षाला साधारण ९,२००. हे पैसे खिशातून आज जात नाहीत, पण सहा वर्षांनी एकदम जातात.
४. हेच ५५,००० एफडीत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर ३,८५० व्याज आलं असतं. ते बुडालं.

हातात काय उरलं? वर्षाला जेमतेम २,००० रुपये. महिन्याला २,००० वाढले म्हणून आपण खूश, आणि खरी कमाई वर्षाला २,०००!

मग लोक टाकतात कशाला?

कारण खरा पैसा वाढीव भाड्यात नसून वाचलेल्या रिकाम्या दिवसांत आहे. २४,००० भाड्याचा फ्लॅट पंधरा दिवस लवकर गेला, तर १२,००० रुपये वाचले. वर २,००० उरले होते, ते आता १४,००० झाले. म्हणजे धंदा जमला.

पण याची उलटी बाजूही बघा. तुमच्या भागात येणारं कुटुंब स्वतःचा फ्रिज, शेगडी, सगळा संसार टेम्पोत घालून आणणारं असेल, तर ते जादा भाडं देणार नाही. उलट म्हणेल, "तुमचा फ्रिज काढून घ्या, आमचा ठेवायला जागा नाही." अशा वेळी देखभाल, झीज आणि व्याज धरून वर्षाला सुमारे २०,००० चा खड्डा.

म्हणून पहिला प्रश्न असा: माझा भाडेकरू कोण? हिंजवडीत नोकरीसाठी आलेली, वर्ष-दोन वर्षांत शहर बदलणारी मुलं-मुली किंवा नवं जोडपं असेल, तर तयार किचन त्यांना हवंच असतं. मुलांची शाळा बघून घर घेणाऱ्या कुटुंबाला शक्यतो रिकामं, स्वच्छ किचन द्या.

कोणती वस्तू टाकायची?

साधा नियम: जी वस्तू भाडेकरूला आणता-नेता येत नाही, ती मालकाने लावावी.

चिमणी लावाच. तिच्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि दर नव्या भाडेकरूने नवं भोक पाडलेलं तुम्हालाही नकोच असतं. शिवाय भिंतीवर तेलकट थर कमी बसतो, रंगकाम लांबतं.

टँकर किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायटीत प्युरिफायर आधी विचारला जातो. मात्र फिल्टरचा खर्च कुणाचा, हे सुरुवातीलाच ठरवा.

शेगडी स्वस्त आहे, द्या. पण बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस आहे की सिलिंडर, ते बघा. दोन्हींचे जेट वेगळे असतात.

फ्रिज भाडेकरू बघून ठरवा. फर्लेन्को, रेंटोमोजोसारख्या कंपन्यांकडून आज फ्रिज महिन्याच्या भाड्याने मिळतो. तुम्ही फ्रिजसाठी त्याहून जास्त मागितलं, तर भाडेकरू हिशोब करणारच.

मायक्रोवेव्ह सोडून द्या. मायक्रोवेव्ह आहे म्हणून कुणी फ्लॅट घेत नाही.

आता फक्त चिमणी, प्युरिफायर, शेगडी: खर्च २६,०००. भाडं महिन्याला १,२०० जरी वाढलं, तरी याच पद्धतीने वर्षाला साधारण १,५०० उरतात. म्हणजे निम्म्याहून कमी भांडवलात जवळपास तेवढीच कमाई, आणि जोखीमही निम्मी.

कागद पक्का ठेवा

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे. त्यात वस्तूंची यादी टाका: कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर. चावी देताना प्रत्येक वस्तू चालू करून व्हिडिओ काढा. वापराने झालेली झीज मालकाची, निष्काळजीपणाने झालेली मोडतोड भाडेकरूची, हे स्पष्ट लिहा. नाहीतर डिपॉझिट परत करताना वाद ठरलेला.

करावर एक ओळ. घरापासूनचं उत्पन्न म्हणून भाडं दाखवता, तेव्हा मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. खर्च कितीही झाला तरी तेवढीच. फ्रिजचं बिल वेगळं दाखवता येत नाही. वाढलेल्या भाड्यावर मात्र कर लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या भागातल्या तीन ब्रोकरना दोन प्रश्न विचारा. सेमी-फर्निश्ड आणि रिकाम्या फ्लॅटच्या भाड्यात फरक किती? आणि दोन्हींपैकी लवकर कोणता जातो, किती दिवसांनी? दुसरं उत्तर ठळक लिहा, निर्णय त्यावरच होईल.

फ्लॅट नसेल तरी गृहपाठ करा. उद्या मेससाठी मोठा फ्रिज घ्याल, पार्लरसाठी खुर्ची घ्याल, पिठाची गिरणी घ्याल. सूत्र तेच: जादा उत्पन्न, वजा देखभाल, वजा झीज, वजा अडकलेल्या पैशाचं व्याज. खाली उरेल तो नफा. तो आकडा काढल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!