खेळण्यातील रणगाड्याचे माप

कला शाखेच्या विद्यार्थ्याने खेळण्यातल्या रणगाड्यावर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यातले जे मला वर्गात उमगले नव्हते, ते या खेळण्याने शिकवले.

जुन्या बाजारातून वडिलांनी धाकट्या भावासाठी रेडिओवर चालणारा रशियन टी-३४-८५ रणगाडा आणला. पेटीवर १:२४ असे प्रमाण छापलेले. तरी तो कोठेतरी खटकत होता. उंच, फुगीर आणि लहानशा चाकांवर बसलेला. खरा रणगाडा तोफेची नळी सोडून सुमारे ६.१ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २.७ मीटर उंच असतो. म्हणजे खेळणे २५४, १२५ आणि ११३ मि.मी. हवे. मोजपट्टी लावली तर निघाले २५०, १३८, १२८. आता खऱ्या मापांना या आकड्यांनी भागून पाहा. लांबीने प्रमाण १:२४ येते, रुंदीने १:२२ आणि उंचीने १:२१! एकाच खेळण्यात तीन प्रमाणे.

यात कारखानदाराची अडचणही आहे. पोटात सेल, मोटारी, दातेरी चक्रे बसवायची असतात. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे मॉडेल काढले, तेव्हा त्याचा आकार आत मावणाऱ्या सेलवरून ठरला. मागाहून हिशोब केला तेव्हा प्रमाण सुमारे १:३५ निघाले, आणि तेच पुढे जगभर रूढ झाले.

माझे वडील शिवणकाम करतात. गिऱ्हाईक लठ्ठ असो वा बारीक, ते आधी खांदा मोजतात आणि बाकीचे त्या हिशोबाने पाहतात. मी लांबीला खांदा मानले, कारण चक्रांची पेटी हलवता येत नव्हती. चार मि.मी.ची कसर सोडून दिली.

चाकांपासून सुरुवात केली, आणि तिथेच फसलो. खरे चाक ८३० मि.मी. व्यासाचे, म्हणजे येथे सुमारे ३४ हवे, होते ३०. खऱ्या चाकालाही रबरी धाव असते, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दुहेरी गुंडाळून चिकटवल्या. चाके छान दिसू लागली; पण गाडा दोन मि.मी. आणखी उंच झाला, पट्टा ताणला गेला आणि पहिल्याच फेरीत एका चक्राचे दात तुटले. भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आसाची भोके आधीच दोन मि.मी. वर पाडायला हवी होती, हे तेव्हा कळले. जुन्या बाजारात तसलेच चक्र मिळाले, म्हणून निभावले.

उंची सेलनी वाढवली होती. चार सेल दोन थरांत रचलेले. एकेक सेल १४ मि.मी. जाडीचा. ते एका ओळीत आडवे मांडले, तेव्हा चाके आणि मडगार्ड यांच्यामधल्या रिकाम्या जागेतून १३ मि.मी.ची पट्टी करवतीच्या पानाने कापून काढता आली. उंची ११५ झाली.

वरचा फिरता बुरूज मला फार मोठा वाटत होता. तोही कापणार होतो; पण मोजला तर बूड ६७ मि.मी., अगदी बरोबर! १९४० च्या टी-३४ च्या बुरुजात दोनच माणसे असत आणि नायकालाच तोफ डागावी लागे. १९४४ मध्ये ८५ मि.मी.ची तोफ आली तेव्हा तिसरा माणूस बसवला आणि बुरुजाचे कडे सुमारे १.४ मीटरवरून १.६ मीटर केले. खालचा गाडा मात्र जवळजवळ तोच राहिला. पुस्तकात ‘तोफ वाढवली’ एवढेच वाचले होते; ती वाढवायला माणूस वाढवावा लागला, हे त्या बेढब वाटणाऱ्या बुरुजाने सांगितले.

नळी मात्र आखूड होती. मोडक्या छत्रीच्या दांडीचा तुकडा जोडून ती पुढे ८३ मि.मी. काढली.

पट्टे २६ मि.मी. रुंद होते, २१ हवेत. बाहेरून पाच-पाच मि.मी. कापल्यावर रुंदी १२८ वर आली. उरलेले तीन मि.मी. काढायचे तर मोटारीचे घर फोडावे लागेल. भावाने तेवढ्याला साफ नकार दिला आहे.