अपरिचिताकडे ग्रंथ कसा मागावा

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस, लेखकाने पोथीच्याच मुखी घातलेली एक विनवणी पुष्कळदा आढळते. तेलापासून मला जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय असतो. ज्या घरी पोथी आहे तेथील मंडळींच्या मनात ही विनवणी पिढ्यान् पिढ्या मुरलेली असते. म्हणून ओळखदेख नसलेल्या गृहस्थांकडे दुर्मिळ ग्रंथाची मागणी करावयाची झाल्यास, तो मूर्ख आपण नव्हे, हे पहिल्याच पत्राने पटवून द्यावे लागते.

हा विषय केवळ विद्वानांचा, असे कोणी समजू नये. आपल्या सभासदांपैकी अनेक कुटुंबे गायकवाडीच्या काळात देशावरून व कोकणातून वडोदऱ्यास आली. भावांच्या वाटण्या झाल्या तशा पोथ्यांच्याही झाल्या. आमच्याच घरच्या व्रतकथांच्या बाडाची शेवटची नऊ पत्रे नाहीत. तीर्थरूप तो भाग मुखोद्गत म्हणतात व त्यांच्या तोंडून तो आम्ही उतरून घेतला आहे. परंतु त्यांच्यानंतर तो शब्द बरोबर की चूक हे सांगणारे कोणी उरणार नाही. ताडून पाहण्यास दुसरी प्रत हवी, आणि ती कोणा अनोळखी घरीच असणार. येथील प्राच्य विद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती इ. स. १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली, तीही ठिकठिकाणच्या हस्तलिखितांचे पाठ पडताळूनच.

मागणाऱ्याने मोठ्या चिकाटीने मागितले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण धुळ्याचे कै. शंकर श्रीकृष्ण देव यांचे आहे. त्यांनी रामदासी मठांतून समर्थ संप्रदायाचे वाङ्मय गोळा केले, आणि डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून सत्कार्योत्तेजक सभेने इ. स. १९०५ मध्ये दासबोध छापला. अशी पोथी मठात नुसती ठेवलेली नसते, ती पुजलेली असते. ती मागणे म्हणजे देव्हाऱ्यात हात घालणे होय. तेथे अधिकाराची भाषा चालत नाही. संशोधनाचे नाव पुढे करून हक्क सांगणाऱ्यांस दारे बंद झाली तर त्यात नवल ते काय?

आता पत्राविषयी. छापील पुस्तक हवे असेल तर आधी ते खरोखर कधी निघाले होते काय, हे पाहावे. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत इ. स. १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद दोन भागांत आहे. मोठ्या ग्रंथालयांत ती पाहावयास मिळते. तिच्यावरून कर्ता, छापखाना, गाव व साल उतरून घ्यावे. “जुने व्रतांचे पुस्तक आहे काय?” या प्रश्नास कोणीही “नाही” एवढेच उत्तर देईल, कारण शोधावे काय हेच त्यास कळत नाही. पोथी असल्यास तिचा आरंभ व शेवट कळवावा, ओळी किती, पत्रे किती, पुष्पिकेत शक व लेखकाचे नाव आहे काय, हे विचारावे. दुसरे, मागणी लहान असावी. पोथी पाठवा असे लिहू नये. हल्ली घरोघरी भ्रमणध्वनी आहेत. हव्या असलेल्या पत्रांची छायाचित्रे मिळाली तरी काम भागते, आणि पोथी आपल्या रुमालातच राहते. घरी वृद्ध मंडळीच असतील तर आपण स्वतः येऊन, त्यांच्या देखत छायाचित्रे घेऊ, असे म्हणावे. पोथीचे मोल विचारू नये व सांगूही नये. मोलाची गोष्ट निघाली की मागणारा व्यापारी ठरतो.

आणि देणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. आमच्या मते हे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके हेच राहून जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयास तंजावर जिल्ह्यातील एका पंडितांनी दिली. तिच्यावरून शामशास्त्री यांनी इ. स. १९०९ मध्ये मूळ ग्रंथ छापला. शामशास्त्रींचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पोथी देणाऱ्याचा उल्लेख मात्र “तंजावर जिल्ह्यातील एक पंडित” एवढाच राहिला. देणाऱ्याने नाव सांगू नका म्हटले तर गोष्ट वेगळी. एरवी प्रतीवरच त्यांचे नाव, गाव व तारीख लिहावी आणि तयार झालेली नक्कल त्यांस आधी पाठवावी.

नमुन्यादाखल आमचेच पत्र येथे देतो. ज्या घरी ते लागू पडेल त्यांनी ते आपणांसच आले असे समजावे.

“सा. न. वि. वि. आमच्या घरी व्रतकथांचे मराठी ओवीबद्ध बाड आहे. पत्रे एकसष्ट, पुढील नऊ नाहीत. शेवटची उपलब्ध कथा अनंतव्रताची असून कौंडिण्य ऋषी अनंताच्या शोधार्थ वनात फिरत असता ती तुटते. आपल्या संग्रही अशी ओवीबद्ध कथा असल्यास त्या स्थळापासून पुढील पत्रांची छायाचित्रे मिळावीत, अथवा आपल्या सोयीने आम्ही येऊन घेऊ. पोथी घराबाहेर नेणार नाही. तीर्थरूपांच्या पाठाशी ताडून झालेली संपूर्ण नक्कल आपणांस पाठवू. शोधूनही न आढळल्यास तेवढे देवळाच्या कचेरीत कळवावे, म्हणजे त्या घरी पुन्हा विचारणा होणार नाही.”