मराठी डोक्यात, इंग्रजी ओठांवर : नेहमी होणाऱ्या पाच चुका



महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरी आपल्या वारणानगर-कोडोली भागातली कित्येक मुलं पुण्याला मुलाखतीला गेली की दुसऱ्याच वाक्याला गप्प होतात. विषय येत असतो, पण 'चुकलं तर हसतील' ही भीती तोंड उघडू देत नाही. म्हणून आधी हे समजून घ्या : यातल्या बऱ्याच चुका मराठीतून येतात. तुम्ही मराठीचा नियम अगदी बरोबर पाळलेला असतो. तो इंग्रजीत चालत नाही, एवढंच.

१) 'डिड'नंतर पुन्हा भूतकाळ
चूक : आय डिड नॉट वेन्ट टू कोडोली.
बरोबर : आय डिड नॉट गो टू कोडोली.
'मी गेलो नाही' यात भूतकाळ 'गेलो'मध्ये असतो. इंग्रजीत तो 'डिड'मध्ये जातो. एका खेपेचं भाडं दोनदा देत नाहीत, तसा भूतकाळही एकदाच दाखवायचा.

२) 'पासून'चा घोळ
चूक : माय फादर इज वर्किंग इन द शुगर फॅक्टरी सिन्स टेन इयर्स.
बरोबर : माय फादर हॅज वर्क्ड इन द शुगर फॅक्टरी फॉर टेन इयर्स.
घरची माहिती सांगताना हमखास होणारी ही चूक. मराठीत 'दहा वर्षांपासून' आणि '२०१५ पासून' दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजीत मनाशी विचारा : किती काळ? मग 'फॉर टेन इयर्स'. केव्हापासून? मग 'सिन्स २०१५'. शिवाय 'काम करतात' हा आपला वर्तमानकाळ इथे पुरत नाही. काम आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून 'हॅज' किंवा 'हॅव' हवं.

३) 'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे
चूक : आय हॅड गॉन टू पन्हाळा येस्टर्डे.
बरोबर : आय वेन्ट टू पन्हाळा येस्टर्डे.
मराठीत झालेली गोष्ट सांगताना 'होतो' सहज येतं. इंग्रजीत 'हॅड'ला साधारणपणे दोन घटना लागतात, एक आधीची आणि एक नंतरची. उदा. व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट. एसटी आधी सुटली, आपण नंतर पोचलो!

४) जरी-तरीची जोडी
चूक : ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड.
बरोबर : ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी प्लेड.
आपल्याकडे 'जरी' आलं की 'तरी' येतंच. इंग्रजीत 'ऑल्दो' आणि 'बट' यांतलं एकच ठेवायचं.

५) 'ला' दिसला की 'टू'
चूक : आय आस्क्ड टू सर.
बरोबर : आय आस्क्ड सर.
'सरांना विचारलं' यातल्या प्रत्ययामुळे 'टू' घुसतो. 'आस्क' आणि 'टेल' यांना माणसाआधी तो नको. 'से'ला मात्र हवा : ही सेड टू मी.

सरावासाठी : दुरुस्त करा.
१. शी डिड नॉट केम.
२. आय नो हिम सिन्स टू इयर्स.
३. ऑल्दो ही इज टायर्ड, बट ही इज हॅपी.
४. आय टोल्ड टू माय मदर.

उत्तरं वहीत लिहा आणि मोठ्यानं म्हणा. पाचही चुका एकदम धरू नका. आठवड्याला एक पुरे. आणि तोवर बोलणं थांबवू नका. बोललात तरच चूक कळेल, आणि कळली की सुटेल.